अर्ध्या गोलाचा भाव

फुटबॉलच्या मैदानावर अर्धा गोल होत नाही. चेंडू रेषेच्या पूर्ण पलीकडे गेला तर गोल, नाहीतर खेळ पुढे चालू. तरी गोलांच्या बाजारातला नेहमीचा, खपाचा सौदा असतो तो अडीच गोलांचा: सामन्यात अडीचच्या वर गोल होणार की खाली? तो अर्धा मुद्दाम घातलेला आहे. सौद्याची रेषा नेमकी दोनवर किंवा तीनवर ठेवली आणि तितकेच गोल झाले, तर कोणीच जिंकत नाही, पैसे परत करत बसावं लागतं. अडीचवर ठेवली की भानगड मिटते. दोन झाले तर ‘खाली’वाला जिंकला, तीन झाले तर ‘वर’वाला. कोणता संघ जिंकला, कोण चांगलं खेळलं, पंचाला डोळे होते की नव्हते, याच्याशी या सौद्याला काही देणंघेणं नाही.

अशा एखाद्या प्रश्नावर लोक एकमेकांशी पैसे लावून सौदे करतात आणि त्या देवघेवीतून भाव ठरत जातो, तेव्हा त्याला प्रेडिक्शन मार्केट म्हणतात. आपण अंदाजबाजार म्हणू. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी असा बाजार चालवला आणि तेव्हापासून हा विषय बहुतेकदा निवडणुकीच्या अंगानेच चर्चेत येतो. पण अध्यक्षाची निवडणूक चार वर्षांनी एकदा. भाव बरोबर होता की थोतांड, हे तपासायला पुन्हा चार वर्षं थांबा. फुटबॉलमध्ये ही अडचण नाही. एकट्या इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये एका मोसमात ३८० सामने होतात आणि प्रत्येकाचा निकाल दोन तासांत हातात पडतो. बाजार कसा विचार करतो ते पाहायचं असेल तर निवडणुकांपेक्षा गोल बरे.

आधी भाव म्हणजे काय ते पाहू. नेहमीच्या बुकीकडे गेलात तर भाव तो सांगतो. समजा अडीचच्या वर १.८७ आणि खालीही १.८७. शंभर लावून जिंकलात तर मुद्दलासकट १८७ हातात. आता एकाला १.८७ ने भागा, साधारण साडेत्रेपन्न टक्के येतात. दोन्ही बाजूंचे मिळून १०७. वर आणि खाली यांपलीकडे तिसरं काही घडूच शकत नाही, म्हणजे बेरीज १०० यायला हवी. वरचे सात ही बुकीची मजुरी. सामना कसाही लागो, दोन्हीकडे सारखे पैसे लागले असतील तर तो घरी शांत झोपतो.

लंडनमध्ये २००० साली अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे यांनी ‘बेटफेअर’ काढली आणि बुकीला मधून बाजूला केलं. तिथे भाव कंपनी देत नाही. शेअर बाजारासारखीच पाटी असते: एका बाजूला लावणारे, दुसऱ्या बाजूला घेणारे. आपल्याकडच्या सट्टेवाल्यांच्या बोलीत लगाई आणि खाई. एकाने ‘वर’ला १.९६ ने शंभर पौंड लावले, तर समोर कोणीतरी ते खावं लागतं, आणि खाणाऱ्याचे ९६ पौंड त्याच क्षणी त्याच्या खात्यात अडकवले जातात. कोणी खाल्लं नाही तर सौदा पाटीवर तसाच लटकत राहतो. कंपनी फक्त जिंकणाऱ्याच्या नफ्यातून दलाली कापते. कोण जिंकतंय याच्याशी तिला कर्तव्य नाही.

अलीकडच्या ‘पॉलीमार्केट’ किंवा ‘कॅल्शी’वर हेच शेअरच्या रूपात मांडलेलं असतं. ‘तीन किंवा जास्त गोल होतील’ या विधानाचे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन शेअर. विधान खरं ठरलं तर ‘होय’चा एक डॉलर, नाहीतर शून्य. ‘होय’साठी एक जण ५१ सेंट द्यायला तयार आहे आणि ‘नाही’साठी दुसरा ४९ सेंट, असं जमलं की त्या दोघांच्या पैशातून एक डॉलर बाजूला ठेवला जातो आणि शेअरची जोडी जन्माला येते. म्हणूनच भाव सरळ टक्केवारीसारखा वाचता येतो. ५१ सेंट म्हणजे बाजाराच्या मते ५१ टक्के शक्यता. बेटफेअरचा १.९६ हाही तोच आकडा, उलटा लिहिलेला.

मुंबईकराला इथे मटका आठवेल. आकड्यांचा तो धंदा आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर चाले, पुढे साठच्या दशकात मडक्यातल्या चिठ्ठ्यांवर आला. पण मटक्यात दहापैकी एक आकडा लागला की नऊपट, हे आधीच ठरलेलं. लोक कितीही शहाणे असोत वा वेडे, तो नऊ काही हलत नाही. जो भाव हलत नाही, त्यातून काही कळतही नाही.

आता ते ५१ आले कुठून? सामना सुरू होण्याआधीचा भाव बऱ्याच अंशी एका जुन्या सूत्रातून निघतो. फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी १८३७ मध्ये ते मांडलं: क्वचित आणि आपापल्या लहरीने घडणाऱ्या गोष्टी ठरावीक काळात किती वेळा घडतील याचा हिशेब. त्याचं सर्वात गाजलेलं उदाहरण १८९८ चं आहे. बोर्टकेविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ बसून किती सैनिक मेले, याच्या नोंदी त्यात बसवून दाखवल्या. गोल आणि लाथा यांत साम्य इतकंच की दोन्ही कधी येतील ते सांगता येत नाही, पण वर्षाला सरासरी किती येतील ते येतं. १९८२ मध्ये एम. जे. माहेर यांनी प्रत्येक संघाला आक्रमणाचा एक आकडा आणि बचावाचा एक आकडा देऊन इंग्लिश सामन्यांचे गोल या सूत्रात बसवले.

समजा दोन संघांची ताकद पाहता सामन्यात सरासरी २.७ गोल अपेक्षित आहेत. सूत्र सांगतं: एकही गोल न होण्याची शक्यता साधारण ७ टक्के, एक गोल १८ टक्के, दोन गोल साडेचोवीस टक्के. तिन्हींची बेरीज ४९. उरलेले ५१ अडीचच्या वर. सरासरी बदलली की हे सगळं सरकतं. प्रीमियर लीगच्या २०२३-२४ च्या मोसमात ३८० सामन्यांत १,२४६ गोल झाले, म्हणजे सामन्याला ३.२८. त्या सरासरीला तोच ‘वर’चा आकडा ६४ टक्क्यांच्या आसपास जातो. रेषा तीच, दुनिया बदलली.

सूत्र कुठे चुकतं हे १९९७ मध्ये मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी नेमकं दाखवलं. ०-०, १-०, ०-१ आणि १-१ या छोट्या निकालांत दोन संघांचे गोल एकमेकांपासून स्वतंत्र वागत नाहीत. तिथे डागडुजी करावी लागते. त्यांच्या शोधनिबंधाच्या नावातच फुटबॉलच्या पैजबाजारातल्या त्रुटी असा उल्लेख होता, तेव्हा तो कोणी कोणी बारकाईने वाचला असेल याची कल्पना करता येते. गणिताने पैजा लावणारे लोक पुढे क्लबांचे मालक झाले. टोनी ब्लूम यांचा ब्रायटन आणि मॅथ्यू बेनहॅम यांचा ब्रेंटफर्ड, दोन्ही प्रीमियर लीगमध्ये पोचले. आणि गोल एकमेकांपासून स्वतंत्र नसतात याचा पुरावा कोणाला हवाच असेल तर ८ जुलै २०१४ चा बेलो होरिझॉन्तेचा विश्वचषकाचा उपांत्य सामना पाहावा. जर्मनीने ब्राझीलवर २३व्या ते २९व्या मिनिटांत चार गोल चढवले. तिसऱ्यानंतर मैदानावर जे ब्राझील होतं ते आधीचं ब्राझील नव्हतं, आणि हे कुठल्याही सरासरीत मावत नाही.

पण खरी गंमत सामना सुरू झाल्यावर आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हा बाजार गोल कधी होणार ते ओळखायचा प्रयत्न करतो. माझ्या मते त्याचं मुख्य काम वेगळं आहे: गोल न होता गेलेल्या प्रत्येक मिनिटाची किंमत लावणं.

वरचंच २.७ गोलांचं उदाहरण पुढे नेऊ. पहिली शिट्टी वाजली तेव्हा ‘वर’चा भाव ५१. वीस मिनिटं काहीच घडलं नाही. एक शॉट खांबाला लागला, लोक ओरडले, चार कॉर्नर झाले. पाटीवर भाव ५१ वरून गळत गळत ३८ वर आला. कोणी वाईट बातमी आणलेली नाही. फक्त वेळ गेला आणि उरलेल्या वेळात तीन गोल बसवणं अवघड झालं. मिनिटाला साधारण अर्धा-पाऊण टक्का, असं हे झिरपणं चालू असतं. आता एकविसाव्या मिनिटाला गोल झाला. आता तीन नको, दोनच पुरे. भाव एका उडीत ३८ वरून ६५ च्या आसपास.

या उडीचा आणि त्या गळतीचा हिशेब एकमेकांना बांधलेला आहे. उडी साधारण २७ टक्क्यांची. अशा सामन्यात कोणत्याही एका मिनिटात गोल होण्याची शक्यता तीन टक्क्यांच्या जरा खाली. २७ चे जवळपास तीन टक्के म्हणजे साधारण पाऊण टक्का, म्हणजेच शांत मिनिटाला होणारी घट. भाव बरोबर असेल तर ‘वर’ धरून बसलेला माणूस शांत मिनिटांत थोडंथोडं करून सरासरी तेवढंच गमावतो जेवढं तो क्वचित येणाऱ्या उडीत एकदम कमावतो. ‘खाली’वाल्याचं उलटं. विम्याचा हप्ता आणि भरपाई यांचं जे नातं, तेच. म्हणून ‘मी दहा मिनिटं खाली धरतो, भाव वाढला की विकून बाहेर पडतो’ ही जी युक्ती प्रत्येक नवख्याला पहिल्या आठवड्यात सुचते, तिच्यात काही युक्ती नाही. त्या दहा मिनिटांत गोल होण्याची भीती भावात आधीच धरलेली असते.

पेनल्टीचं उदाहरण याहून स्वच्छ. समजा विसाव्या मिनिटाला ०-० असताना पंचाने बोट पांढऱ्या ठिपक्याकडे दाखवलं. पेनल्टी चारांतल्या तीन तरी जाळ्यात जातात. मग चेंडू ठेवला जात असताना भाव किती असावा? गोल झाला तर ६५, हुकला तर ३८. पाऊण हिस्सा वरचा, पाव हिस्सा खालचा, म्हणजे ५८. बाजार उघडा राहिला तर तो या आकड्याच्या आसपासच घोटाळेल. बेटफेअरसारख्या ठिकाणी मात्र अशा वेळी बहुधा पाटीच बंद करतात.

पाटी बंद करण्याचं कारण वेग. स्टेडियममध्ये गोल झाला आणि तुमच्या टीव्हीवर दिसला, यात काही सेकंद जातात. मोबाइलवर स्ट्रीमिंग पाहत असाल तर बऱ्याचदा अर्धं मिनिटही जातं. शेजारच्या घरातून आरोळी आल्यावर आपल्या पडद्यावर अजून मिडफिल्डर चेंडू थोपवतोय, हा अनुभव विश्वचषकाच्या काळात सगळ्यांनीच घेतलाय. त्या काही सेकंदांत ज्याला गोल कळला आहे तो ज्याला कळलेला नाही त्याच्याकडून ३८ ला ६५ चा माल उचलू शकतो. म्हणून मैदानात बसलेली माहिती कंपन्यांची माणसं प्रत्येक घटना बटण दाबून कळवतात, गोलाच्या क्षणी सौदे थांबवले जातात, पाटीवर लटकलेले सौदे रद्द होतात, आणि चालू सामन्यात तुम्ही दिलेला सौदा काही सेकंद मुद्दाम अडवून ठेवला जातो. ‘व्हार’, म्हणजे चित्रफीत पाहून पंचाचा निर्णय तपासण्याची पद्धत, आल्यापासून भर पडली ती एवढीच की गोल झाल्यावरही पाटी लगेच उघडत नाही. ऑफसाइडची रेघ मारून होईपर्यंत सगळे ताटकळतात.

मग पाटी उघडल्यावर जो भाव दिसतो तो बरोबर असतो का? की गोलाच्या जल्लोषात लोक वाहवत जातात आणि भाव नंतर हळूहळू जागेवर येतो? हे तपासणं अवघड, कारण गोलानंतर खेळ चालूच असतो. भाव हलला तर तो आधीची चूक सुधारायला हलला की नवीन काही घडलं म्हणून, हे वेगळं काढता येत नाही. कॅरेन क्रॉक्सन आणि जेम्स रीड या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यावर एक सुरेख तोड काढली. त्यांनी बेटफेअरवरचे असे सामने निवडले ज्यांत मध्यंतराच्या अगदी तोंडावर गोल झाला होता. मध्यंतरात पंधरा मिनिटं मैदान रिकामं. नवीन काहीच घडत नाही, सौदे मात्र चालू. गोलानंतरचा पहिला भाव चुकीचा असेल तर या पंधरा मिनिटांत तो एका दिशेने सरकताना दिसायला हवा. तसा तो सरकला नाही. गोलाची बातमी भावाने लगेच आणि पुरती पचवली होती. अर्थशास्त्रात बाजाराची कार्यक्षमता म्हणून ज्याच्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत, त्याचा इतका साफ प्रयोग शेअर बाजारात करता येत नाही. कंपन्यांना मध्यंतर नसतं.

याचा अर्थ बाजार सर्वज्ञ आहे असा नाही. लोक मोठ्या परताव्याच्या, दूरच्या शक्यतांना जास्त पैसे मोजतात, ही खोड घोड्यांच्या शर्यतीपासून नोंदलेली आहे. ४-४ निकाल लागेल किंवा सेंटर-बॅक पहिला गोल करेल, असल्या सौद्यांचे चाहते कधी कमी होत नाहीत. आणि याच्या उलट्या टोकाला बसलेला माणूस त्याहून मोठ्या भ्रमात असतो. सत्तराव्या मिनिटाला ०-० असेल तर अडीचच्या ‘खाली’चा भाव ९६ च्या आसपास असतो. ९६ लावा, वीस मिनिटांत १०० घ्या. बँकेतलं बचत खातं वर्षाला जेवढं देत नाही तेवढं एका चहाच्या वेळात, असं वाटतं. पण एकदा हरलात तर ते ९६ भरून काढायला चोवीस वेळा जिंकावं लागतं, आणि मधल्या प्रत्येक जिंकण्यातून दलाली कापली जात असते. ८ मार्च २०१७ ला कँप नोऊवर ८७व्या मिनिटाला बार्सिलोना ३, पॅरिस १ अशी स्थिती होती. एकूण गोल साडेसहाच्या खाली राहतील हा सौदा तेव्हा सोन्यासारखा होता. ८८व्या मिनिटाला नेमार, भरपाईच्या पहिल्या मिनिटाला पुन्हा नेमार, पाचव्या मिनिटाला सेर्जी रोबेर्तो. सात गोल.

भारतात असे ऑनलाइन बाजार चालवायला आज कायद्याने मनाई आहे. ‘प्रोबो’सारख्या कंपन्या ‘होय’ आणि ‘नाही’ मिळून दहा रुपये अशा शेअरचा व्यवहार मत-व्यापार म्हणून चालवत होत्या. एप्रिल २०२५ मध्ये सेबीने सांगितलं की हे आपल्या कक्षेत येत नाही, तिथे गुंतवणूकदाराला कसलंही संरक्षण नाही. त्याच वर्षी २२ ऑगस्टला ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्याने बंद केले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. कौशल्य की नशीब या वादावर आपल्या न्यायालयांत कित्येक दशकं गेली, ती कायद्याने एका कलमात गुंडाळली. अमेरिकेत नेमका उलटा पेच आहे: कॅल्शीला केंद्राच्या वायदेबाजार नियामकाची मान्यता आहे, पण काही राज्यं म्हणतात हा वायदा नाही, जुगार आहे, आणि जुगार आमच्या अखत्यारीत येतो.

राहिला प्रश्न हिशेब चुकता करण्याचा. बाजाराचं सगळं गणित अचूक असलं तरी शेवटी कोणीतरी सांगावं लागतं की गोल किती झाले. हे वाटतं तितकं सोपं नाही. १८ डिसेंबर २०२२ ला लुसैलमध्ये अर्जेंटिना आणि फ्रान्स यांची अंतिम झुंज ३-३ झाली आणि अर्जेंटिनाने पेनल्टींवर विश्वचषक उचलला. पण सामन्यावरचे सौदे साधारणतः नव्वद मिनिटं आणि त्यांची भरपाई एवढ्यावरच सुटतात. तेव्हा निकाल होता २-२. जादा वेळेतले मेस्सी आणि एम्बापे यांचे गोल त्या खात्यात धरलेच गेले नाहीत, आणि ‘सामना अर्जेंटिना जिंकणार’ म्हणून ज्याने लावले तो त्या रात्री जगज्जेत्या संघाच्या बाजूने असूनही हरला. ‘चषक अर्जेंटिना उचलणार’ हा वेगळा सौदा होता. नियमांचं पान कोणी वाचत नाही, इथेही नाही.

त्याच्या आधीचा प्रश्न म्हणजे सामना झाला का? ऑगस्ट २०१४ मध्ये पोर्तुगालचा फ्रेमुंदे आणि स्पेनचा पोन्फेराडिना यांच्या मैत्रीपूर्ण सामन्यावर बुकींनी पैजा घेतल्या. असा सामना झालाच नव्हता. निकाल मात्र कळवला गेला होता. सगळी यंत्रणा मैदानावरच्या एका माणसाच्या बटणावर विसंबून असते, हे त्या दिवशी जगाला कळलं.

आणि गोल कोणाचा? ‘कोण गोल करणार’ हा बाजार तर याच प्रश्नावर उभा. स्वयंगोल बहुतेक ठिकाणी त्यात धरतच नाहीत. ७ एप्रिल २०१८ ला स्टोकविरुद्ध टॉटनहॅमच्या एरिक्सनने मारलेला चेंडू जाळ्यात गेला आणि गोल त्याच्या नावावर लागला. त्याचा संघसहकारी हॅरी केन याचं म्हणणं पडलं की चेंडू जाताना आपल्या खांद्याला चाटून गेला. त्याने मुलीची शपथ घेऊन ते सांगितलं. क्लबने दाद मागितली, प्रीमियर लीगच्या समितीने चित्रफिती पाहिल्या आणि काही दिवसांनी गोल केनला दिला. बहुतेक बाजारांत सामन्याचे सौदे त्या दिवशीच्या नोंदीप्रमाणे सुटलेले असतात, ते उकरून काढत नाहीत. मोसमाच्या सर्वाधिक गोलांच्या सौद्यात मात्र अधिकृत यादी चालते, म्हणजे एकच गोल एका बाजारात एरिक्सनचा आणि दुसऱ्यात केनचा. गोल्डन बूटच्या शर्यतीत पुढे असलेल्या मोहम्मद सलाहने निर्णय ऐकून ट्विटरवर आश्चर्य व्यक्त केलं होतं. मोसम संपला तेव्हा त्याचे गोल झाले ३२, आणि केनचे, तो खांद्याचा धरून, ३०.